‘हक्क’ हा शब्द तिकडेही कळतो

(बुलढाणा जिल्ह्यातील महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बायांची नावे बदलली आहेत.)

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘परदेशी कामाला जाणाऱ्या स्त्रिया आणि भाषेचा प्रश्न’ असं छापलंय. ते जरा भारदस्त झालं. मी आज फक्त एका वर्गाबद्दल सांगणार आहे. मेहकरला, एका घराच्या मागच्या खोलीत, गुरुवारी आणि रविवारी दुपारी आम्ही सात बाया अरबी शिकायला बसायचो. आठवी मी. शिकवणाऱ्या दोघी. हा वर्ग कसा सुरू झाला, त्यात मी काय चुकले आणि तो चालू ठेवावा की नाही यावर आपल्यातच काय वाद झाले, ते तुमच्यापुढे ठेवते.

सुरुवात जमीलाबीपासून करायला हवी. घाटावरच्या एका गावातली बाई. वय चौतीस, नवरा वारलेला, दोन मुलं. गावात निंदणखुरपणीची कामं वर्षातून चार महिने. दलालाने सांगितलं, कुवेतला घरकाम आहे, खाणंपिणं त्यांच्याकडे, पगार सगळा शिल्लक. तिला आधी दुबईला फिरण्याच्या व्हिसावर नेलं, विमानतळावर ‘बहिणीकडे चालले’ म्हणायला लावलं आणि तिथून पुढे पाठवलं. नऊ महिन्यांनी ती परत आली, ती भारतीय दूतावासाच्या मदतीने. पाच महिन्यांचा पगार मिळालाच नव्हता.

आपण कार्यकर्त्या. मी लगेच तक्रारीची तयारी सुरू केली. तिला विचारलं, पगार दिला नाही याला पुरावा काय? ती म्हणाली, “ताई, पुरावा त्याह्यच्याकडे हाय. मी दर महिन्याले सही केली ना.”

मालकीण दर महिन्याला एक कागद पुढे करायची. अरबीत छापलेला. जमीलाबी लहानपणी मोहल्ल्यात आपांकडे कुराण वाचायला शिकलेली. अक्षरं सगळी येत होती. तिने तो कागद जुळवून जुळवून वाचला होता. पहिला शब्द तिला आजही पाठ आहे: ‘इस्तलम्तु’. तिला वाटलं, कामाच्या हजेरीचा कागद असेल. ‘इस्तलम्तु’ म्हणजे ‘मला मिळाले’. म्हणजे तिने पाच वेळा स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं की पगार मिळाला. आणि तेही न वाचता नाही, वाचून!

मी समाजकार्याचं शिक्षण घेतलं तेव्हा साक्षरतेवर आख्खा पेपर होता. साक्षर आणि निरक्षर असे दोन रकाने आम्ही सर्वेक्षणात भरायचो. जमीलाबीला कुठल्या रकान्यात टाकायचं? तिला लिपी येते, भाषा येत नाही. आपल्या जिल्ह्यात मोहल्ल्या-मोहल्ल्यांत अशा शेकडो बाया आहेत. त्या अक्षरं ओळखतात, उच्चार आपल्यापेक्षा कितीतरी शुद्ध करतात. अर्ध्या वाटेवर त्या आधीच पोचलेल्या आहेत. पुढच्या अर्ध्या वाटेवर त्यांना कुणी नेलंच नाही, कारण बाईला त्याची गरज आहे असं कुणाला वाटलं नाही.

तिथून वर्गाची कल्पना आली. जवळच्या चार गावांतून चौकशी केली तर जायचं म्हणणाऱ्या पाच बाया निघाल्या. शिवाय हजला जाणाऱ्या दोघी. बायांना मेहरमशिवाय, म्हणजे घरच्या पुरुषाशिवाय, चौघींच्या गटाने हजला जायची परवानगी आपल्या सरकारने २०१८ पासून दिली, तेव्हा वय पंचेचाळीसच्या वर असण्याची अट होती. या दोघींचं म्हणणं सरळ होतं: “आमच्यासंगं माणूस नाही, मंग दवाखाना कुठी हाय हे आमालेच इचारा लागन ना!” लिपी शिकवायला मोहल्ल्यातल्या आपा तयार झाल्या. बोली शिकवायला जमीलाबी.

आता माझी चूक सांगते. पहिल्या आठवड्यासाठी मी शब्दांची यादी केली. परदेशी पाठवणाऱ्या लोकांकडे एक छापील पुस्तिका मिळते, तिच्या आधारे केली. ‘तआली’, ये. ‘रूही’, जा. ‘जीबी’, आण. ‘नज्जफी’, साफ कर. अरबीत बाईला हुकूम करताना क्रियापदाच्या शेवटी ‘ई’ लागते, म्हणजे व्याकरणही सोपं. मी फळ्यावर वीसेक शब्द लिहिले आणि मोठ्या उत्साहाने जमीलाबीकडे पाहिलं. ती गप्पच. मग म्हणाली, “ताई, हे सारं मले पयल्या चार दिवसांत समजलं होतं. हुकूम समजाले भाषा नाही लागत. हात दाखोला का समजते. मले तं बोलाले शब्द नव्हते.”

मैत्रिणींनो, पंधरा वर्षं मी बायांच्या प्रश्नांवर काम करते आहे आणि माझी सगळी यादी मालकिणीच्या तोंडची होती. त्यात एकही वाक्य बाईच्या तोंडचं नव्हतं. मी फळा पुसला.

मग आम्ही उलटीकडून सुरुवात केली. पहिला शब्द ‘ला’. म्हणजे नाही. दुसरा ‘मा अबी’. कुवेतच्या बोलीत ‘अबी’ म्हणजे मला पाहिजे, ‘मा अबी’ म्हणजे मला नको. हा शब्द नुसता पाठ करून भागत नाही. सात बायांना एकेक करून उभं केलं आणि मोठ्याने ‘मा अबी’ म्हणायला सांगितलं. पहिल्या दिवशी एकीलाही जमलं नाही. पदर तोंडात धरून हसायच्या. एक म्हणाली, “ताई, मी हे मराठीत कधी म्हटलं नाही, अरबीत कसं म्हणू?” हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे.

नंतर दुखणं. ‘अना मरीदा’, मी आजारी आहे. बाई असेल तर ‘मरीदा’, पुरुष असेल तर ‘मरीद’. ‘बत्नी यअवरनी’, माझं पोट दुखतंय. हात, डोकं, छाती, पाळी. पाळीचा शब्द विचारायला सगळ्या लाजल्या, पण तो हवाच होता.

नंतर ‘माझं’. अरबीत वस्तूच्या नावाला ‘ई’ जोडली की ती माझी होते. ‘जवाज’ म्हणजे पासपोर्ट, ‘जवाजी’ माझा पासपोर्ट. ‘रातिब’ म्हणजे पगार, ‘रातिबी’ माझा पगार. आणि ‘हक्क’? ‘हक्की’, माझा हक्क. इथे वर्गात शांतता झाली. मग शेवंताबाई, या आमच्यातल्या वयाने मोठ्या, म्हणाल्या, “मंजे हक्क आपला शब्द नाही?”

आपलाही आहे आणि त्यांचाही. हा शब्द अरबीतून फारसीत, फारसीतून मराठीत आला. शिवाजी महाराजांनी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तरी ‘हक्क’ काही मराठीतून गेला नाही. त्या दिवशी आम्ही फळ्यावर असे शब्द मांडत गेलो. हिशेब, बाकी, तारीख, सवाल, जबाब, दावा, वकील, कायदा, जामीन, साबण, कुलूप. सगळे अरबीतून आलेले, कुठे उच्चार जरा बदललेला. दलालसुद्धा अरबी आणि मुकादमसुद्धा! ऊसतोडीला गेलेली एक बाई म्हणाली, “म्हणूनच इकडून तिकडं सारखेच हायेत ते.” आखाती बोलीत ‘क’चा ‘ग’ होतो. तिथे ‘हक्की’ कसं म्हणतात ते जमीलाबीने म्हणून दाखवलं, तेव्हा वर्गात जे हसू झालं त्याचं कारण तुम्हीच मनात उच्चार करून पाहा. त्या बोलीत या शब्दाचा रोजचा अर्थही ‘हे माझं आहे’ असाच आहे.

पण ओळखीचा शब्द फसवतोही. ‘इजाजा’ म्हणजे परवानगी नव्हे, सुट्टी. ‘रक्म’ म्हणजे पैसे नव्हे, आकडा. ‘गरीब’ म्हणजे परका किंवा विचित्र. ‘अना गरीबा’ म्हटलं तर कुणाला दया येणार नाही. ‘वकील’ म्हणजे कोर्टातला वकील असेलच असं नाही, दुसऱ्याच्या वतीने काम पाहणारा प्रतिनिधी. आणि ‘औरत’ हा शब्द तिथे बाईसाठी चुकूनही वापरायचा नाही. मूळ अरबी शब्दाचा अर्थ शरीराचा झाकायचा भाग. आपांनी हे सांगितलं तेव्हा मीच दचकले. इतकी वर्षं आपण मोर्च्यात ‘औरत’ म्हणत घोषणा देतो!

आकड्यांचा धडा सगळ्यात महत्त्वाचा ठरला. तिथले आकडे वेगळे. पाचाचा आकडा आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि शून्य म्हणजे नुसतं टिंब. गोल आणि पुढे टिंब म्हणजे पन्नास. अक्षरं उजवीकडून डावीकडे, पण आकडे आपल्यासारखेच डावीकडून उजवीकडे. आणि प्रत्येकीला तिचं स्वतःचं नाव अरबीत ओळखायला शिकवलं. अरबीत ‘प’ नाही, म्हणून पार्वतीची ‘बारवती’ होते. आपलं नाव आपल्याला ओळखता आलं नाही, तर हा कागद आपला आहे हे कळणार कसं?

शेवटचे चार तास एकाच कामाला दिले. पावती वाचणे. ‘इस्तलम्तु’ दिसला की हात थांबला पाहिजे. आधी पैसे मोजायचे, मग सही. जमीलाबीने तो तास स्वतः घेतला. मी मागे बसले होते.

आता वादाकडे येते. आपल्या मागच्या बैठकीत एका ज्येष्ठ मैत्रिणीने विचारलं, आणि बरोबर विचारलं, की बायांना अरबी शिकवून आपण दलालांचंच काम सोपं करत नाही का? आपण चांगल्या मोलकरणी तयार करून देतोय, असं नाही का होत? कफाला पद्धतीत बाईचा तिथला राहण्याचा परवाना मालकाच्या जामिनावर असतो. मालक सोडला तर ती बेकायदा ठरू शकते. अशा जागी दोनशे शब्द काय कामाचे?

मी यावर बरीच रात्र जागून विचार केला. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला आपल्याकडे ‘एक कोयता’ म्हणतात. त्या बायांना आपण उचलीचा हिशेब ठेवायला शिकवलं, तेव्हा आपण ऊसतोडीची जाहिरात करत नव्हतो. बाया जात होत्या, म्हणून शिकवलं. इथेही तसंच आहे. भाषेने कफाला जाणार नाही, हे मान्य. पण कायद्याचा जो काही थोडा आधार आहे तो मागायला तोंड तर हवं! कुवेतमध्ये २०१५ चा ६८ क्रमांकाचा कायदा घरकामगारांसाठी झाला. त्यात कामाची कमाल मर्यादा दिवसाला बारा तास आहे, आठवड्याची सुट्टी आहे, वर्षाला तीस दिवस भरपगारी रजा आहे, मालकाने पासपोर्ट ठेवून घ्यायला मनाई आहे. जमीलाबी तिथे राहिली तेव्हा हा कायदा लागू होता. तिला हे माहीत नव्हतं आणि माहीत असतं तरी सांगता आलं नसतं.

आणखी एक शब्द आम्ही ठरवून शिकवला. बोलताना तिथे कामवालीला ‘खद्दामा’ म्हणतात, म्हणजे नोकराणी. कायद्याच्या कागदावर मात्र ‘आमिला मंजिलिया’ असं असतं, म्हणजे घरकामगार. आपल्याकडेही ‘मोलकरीण’पासून ‘घरेलू कामगार’पर्यंत यायला किती वर्षं लागली! महाराष्ट्रात कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. शब्द बदलला म्हणून पगार वाढत नाही, पण अर्ज कुठे करायचा ते कळतं.

आता आपल्या सरकारच्या नियमांविषयी, कारण गावात विचारणा झाली तर तुम्हाला उत्तर देता आलं पाहिजे. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर साधारणपणे ‘उत्प्रवासन तपासणी आवश्यक’ असा शेरा असतो. त्या शेऱ्याच्या पासपोर्टवर कामासाठी जायचं तर आखाती देश धरून अठरा देशांसाठी सरकारची मंजुरी लागते. अशा पासपोर्टवर तीस वर्षांखालच्या बाईला या देशांत कामाला जाता येत नाही. २०१६ पासून तिशीवरच्या बाईलाही सरकारने नेमलेल्या सरकारी संस्थांमार्फतच जावं लागतं. म्हणजे गावातला जो माणूस ‘मी पाठवतो’ म्हणतो, तो अशा बाईला सरळ मार्गाने पाठवूच शकत नाही. तो फिरण्याच्या व्हिसावर पाठवतो. फिरण्याच्या व्हिसावर गेलेल्या बाईचं सरकारदरबारी कामगार म्हणून नाव नसतं, करारनामा नसतो, प्रवासी भारतीय विमा योजनेचा विमा नसतो. जमीलाबीचं हेच झालं.

बंदी घातली की बायांचं जाणं थांबतं, असं आपल्याला वाटतं. थांबत नाही, आडवाटेने होतं. बाईच्या रक्षणासाठी केलेला नियम बाईलाच चोरवाटेवर ढकलतो, हा आपला जुना अनुभव आहे. आणि दहावी पास झालेल्या बाईला हा नियमच लागू नाही. ती मोकळी, म्हणजे तिच्यामागे कुणीच नाही. तिला तर भाषेची जास्त गरज.

वर्गाचं पुढे काय झालं? जायचं म्हणणाऱ्या पाचजणींपैकी तिघींनी जाणं रद्द केलं. आम्ही सांगितलं म्हणून नाही. दलालाने दिलेला कागद आपांपुढे ठेवून आम्ही ओळीने वाचला, त्यात ‘जियारा’ हा शब्द सापडला. जियारा म्हणजे भेट. भेटीचा व्हिसा. तिघींनी तो स्वतः ओळखला. एकीने दलालाला घरी बोलावून बोट ठेवून विचारलं, “हे काय हाय?” तो पुन्हा आला नाही. चौथी अजून ठरवते आहे.

पाचवी गेली. तिला आपण सुनीता म्हणू. दहावी झालेली, लहान मूल सांभाळायच्या कामाचा रीतसर करार होता, आम्ही तो पाहिला होता. मलकापूर स्टेशनवर मी आणि जमीलाबी तिला मुंबईच्या गाडीत बसवायला गेलो. जमीलाबी गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभी राहून तिची उजळणी घेत होती: पगार कधी? “मिता रातिबी?” दूतावास कुठे? “वेन सफारा हिंदिया?” प्लॅटफॉर्मवरचे लोक पाहत होते.

तीन आठवड्यांनी सुनीताचा फोन आला. पहिल्याच दिवशी मालकिणीने पासपोर्ट मागितला, ‘सांभाळून ठेवते’ म्हणाली. सुनीताने सांगितलं, “जवाजी इंदी.” माझा पासपोर्ट माझ्याजवळ. मालकीण हसली, तुला अरबी येतं का म्हणाली, आणि तरीही हात पुढेच ठेवला. सुनीता सांगत होती, “ताई, पाय कापत होते. पण मी म्हटलं, मा अबी.” पासपोर्ट आज तिच्याकडे आहे. आठवड्याची सुट्टी मात्र अजून मिळालेली नाही. ‘इजाजा’ विचारली की ‘बादेन’ म्हणतात, म्हणजे नंतर. बादेन हा शब्द आम्ही शिकवला नव्हता, तो तिने तिथेच शिकला.

म्हणून मी इथे यश सांगायला उभी नाही. एक बाई ‘नको’ म्हणू शकली आणि तिची सुट्टी अजून अडकली आहे, एवढंच झालं आहे. जमीलाबीचे पाच महिन्यांचे पैसेही बुडालेलेच आहेत. तिच्या सह्या खऱ्या आहेत, त्यामुळे तक्रार पुढे सरकत नाही.

माझं तुमच्याकडे मागणं तीन गोष्टींचं आहे. घाटाखालच्या तालुक्यांतून, मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोद भागातून कुणी बाया जात असतील तर जाण्याआधी आमच्याकडे पाठवा. तीन महिने नसतील तर तीन दिवस द्या, निदान आकडे आणि पावती शिकवू. दुसरं, तिकडून परत आलेल्या बाया शोधा. त्या शरमेने गप्प असतात. पण त्यांच्यासारख्या शिक्षिका कुठल्याही विद्यापीठात मिळणार नाहीत. तिसरं, सरकारकडे आपण मागणी लावून धरू या, की परदेशी कामाला जाणाऱ्या बाईला करारनामा तिच्या भाषेत मिळालाच पाहिजे आणि भाषेचा वर्ग जिल्ह्याच्या ठिकाणी मोफत झाला पाहिजे.

मोहल्ल्यात लहान मुलं आपांकडे अक्षरं शिकायला जातात, त्या पहिल्या पुस्तकाला ‘कायदा’ म्हणतात. परवा आपांच्या दारात एक चिमुरडी तो कायदा छातीशी धरून उभी होती. मला पाहून म्हणाली, “खाला, आज तुमची पण शाळा हाय?” मी म्हटलं, हो, माझा कायदा अजून संपायचा आहे. दर गुरुवारी दुपारी दोन वाजता वर्ग असतो. या.